फक्त मायटोकॉन्ड्रियावरून वंशवृक्ष काढू नका: प्राचीन डीएनए वाचताना या चुका टाळा

हाडातून थोडासा डीएनए निघाला की लगेच वंशवृक्ष मांडायला बसायचं, ही नवशिक्यांची जुनी खोड. आधी हाती लागतो तो मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा) डीएनए, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो फक्त आईकडून येतो. बाकीच्या पूर्वजांबद्दल तो काहीच सांगत नाही.

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत २००८ साली बोटाचं इवलंसं हाड सापडलं. मार्च २०१० मध्ये त्याच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून वाटलं, की हा मानव आपल्यापासून आणि नामशेष झालेल्या निअँडरथल मानवापासून सुमारे १० लाख वर्षांपूर्वी फुटून निघाला. त्याच डिसेंबरात पेशीकेंद्रातला जीनोम (आई-वडील दोघांकडून येणारा डीएनए) आला आणि डेनिसोवन, म्हणजे या गुहेवरून नाव पडलेले हे मानव, चक्क निअँडरथलचे भाऊबंद निघाले! स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोस गुहेतली सुमारे ४,३०,००० वर्षं जुनी हाडंही अशीच. २०१३ मध्ये मायटोकॉन्ड्रियाने ती डेनिसोवनांजवळ नेली, २०१६ मध्ये केंद्रातल्या डीएनएने निअँडरथलच्या शाखेवर आणली. तिथल्या कवट्या आणि दात हे आधीपासूनच सुचवत होते. म्हणून केंद्रातला डीएनए येईपर्यंत फांद्या पेन्सिलनेच काढाव्यात, आणि दात, जबडा बाजूला ठेवू नयेत.

दुसरी चुकीची घाई खोदकामात होते. उघड्या हाताने हाड उचलायचं, धुवायचं, वर गोंद लावायचा. मग प्रयोगशाळेत खोदणाऱ्याचाच डीएनए निघतो. २००६ साली क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या एकाच निअँडरथल हाडावर दोन गटांनी काम केलं, निष्कर्ष जुळेनात; मोठ्या माहितीसंचात आजच्या माणसाचा डीएनए मिसळला होता. खरा जुना डीएनए बहुधा १०० बेसपेक्षाही (बेस म्हणजे डीएनएच्या साखळीतलं एक अक्षर) लहान तुकड्यांत असतो आणि टोकांना सायटोसिन हा बेस बिघडून थायमिन हा दुसरा बेस म्हणून वाचला जातो. हा बिघाड आधी तपासावा, कोरा (हाड न घातलेला) नमुना सोबत चालवावा, मगच पुढचं बोलावं.

चेहऱ्यावरून वय ठरवू नका: दक्षिण आफ्रिकेत सापडलेला होमो नालेदी हा नामशेष मानव दिसायला फार जुना, निघाला ३,३५,००० ते २,३६,००० वर्षांपूर्वीचा.



उष्णतेत डीएनए लवकर नष्ट होतो, म्हणून उष्ण प्रदेशातलं हाड सरसकट पोखरणं तर थांबवाच. नर्मदेकाठच्या हथनोराला १९८२ साली मिळालेल्या कवटीसारखी गोष्ट एकदाच मिळते. कोलॅजन (हाडातलं प्रथिन; ते टिकलं असेल तरच डीएनएची आशा) टिकलंय का ते आधी काही मिलिग्रॅमवर बघावं. नसेल तर ड्रिल खाली ठेवावं.