मिनी-इम्प्लांट हलतोय? या चुका टाळा

मिनी-इम्प्लांट म्हणजे दात सरकवताना आधारासाठी हाडात बसवलेला छोटा स्क्रू. तो बसवून पंधरा दिवस होतात आणि रुग्ण सांगतो, "डॉक्टर, जीभ लागली की हलल्यासारखं वाटतं." आपण लगेच स्क्रूपासून दातांकडे ताणलेल्या रबरी चेनची ओढ कमी करतो. ओढ बहुधा निर्दोष असते. गडबड झालेली असते स्क्रू बसवताना.

पहिली चूक जागेची. वरच्या दुसऱ्या उपदाढेच्या आणि पहिल्या दाढेच्या मुळांमधली जागा सगळ्यांची आवडती. पण दीड मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर हाड हवं, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, हे अंतर मोजू नका, तिथे ते फसवं दिसतं. त्या जागेचा छोटा एक्स-रे घ्या. जागा कमी असेल तर आधी तारेने मुळं जरा बाजूला सारा, नाहीतर स्क्रू टाळूत बसवायचा विचार करा.

भूल भरपूर देणं ही दयाळूपणातून होणारी चूक. हिरडीपुरती थोडी पुरते. मुळाला धक्का लागू लागला की रुग्ण कळवळतो, "दाताला लागतंय!" हीच आपली घंटा. लगेच उलटं फिरवा, कोन बदला. पूर्ण भूल दिली की ही घंटाच बंद.

मनगट डुललं की भोक लांबट होतं. दात बसवायच्या इम्प्लांटसारखा हा स्क्रू हाडाशी एकजीव होईल या भरवशावर बसवलेला नसतो. बाहेरच्या टणक हाडाने तो आवळून धरायचा असतो. म्हणून शेवटचे वेढे हळू द्या. मान हिरडीला टेकली की थांबा. "अजून एक वेढा" या मोहात आटे सुटतात.

सैल, हलणाऱ्या हिरडीत बसवलात तर स्क्रूचं डोकं महिन्याभरात हिरडीखाली गाडलं जाऊ शकतं. त्यात रुग्ण भीतीने तिथे ब्रश फिरवत नाही. आरशात दाखवून, मऊ ब्रश त्याच्याच हातात देऊन शिकवा.

किंचित हालचाल असेल, दुखत नसेल, तर ओढ कमी करून नजर ठेवा. बोटाने डुलत असेल तर त्याच भोकात पुन्हा पिळू नका. काढा, शेजारी बसवा.

आणि स्क्रू ठाम, तरी वरचे पुढचे दात आत झोपून चावा खोल होतोय, म्हणजे ते खालच्या दातांना जास्त झाकतायत? तिथे दोष ओढीच्या दिशेचा. ओढ मुळांच्या पातळीच्या खूप खालून जातेय. तारेवर उंच हुक लावा, म्हणजे ओढ त्या पातळीकडे सरकेल.