तालमीच्या भिंतीवर शतकवीरांचा फलक: आधी वही, मग रंग

फलकाला हात लावायच्या आधी एक दोनशे पानी वही आणा. तालमीच्या, मंडळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर क्रिकेटमधल्या शतकवीरांचा फलक लावायचं ठरलं की पहिल्या दिवशी सगळे रंग आणि पत्र्याच्या मागं लागतात. फलक पुढं बिघडतो तो आकड्यांनी. रंग उडाला तर कुणी काही बोलत नाही, पण विराटचं एक शतक कमी लिहिलं तर कोल्हापुरात गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंतची माणसं थांबून सांगतात. एरवी फुटबॉलशिवाय न बोलणारीसुद्धा.

काय धरायचं, काय सोडायचं

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहा. फलकावर ‘आंतरराष्ट्रीय शतकं’ एवढंच लिहिलं तर वाद ठरलेला, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी यादी असते. धरायचं फक्त तीन प्रकारांतलं: कसोटी, एकदिवसीय आणि आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी. आयपीएल, रणजी, दुलीप, भारत ‘अ’, १९ वर्षांखालचे सामने, दौऱ्यावरचे सराव सामने हे सगळं बाहेर. ख्रिस गेलच्या २०१३ च्या आयपीएलमधल्या नाबाद १७५ ला इथं जागा नाही. द्विशतक आणि त्रिशतक हे एकच शतक. नाबाद असो, जखमी होऊन निवृत्त असो, शंभर झाल्या की शतक. १८७७ मध्ये मेलबर्नला चार्ल्स बॅनरमननं केलेल्या १६५ धावा, म्हणजे कसोटीतलं पहिलंच शतक, निवृत्त जखमी होऊनच संपलं. खेळ सुरू होऊन पावसानं सामना वाया गेला तरी त्यातलं शतक धरलं जातं.

चुका होतात त्या काठावरच्या सामन्यांत. रिकी पाँटिंगची एकदिवसीय शतकं काही ठिकाणी २९ दिसतात, काही ठिकाणी ३०. दोन्ही बरोबर. २९ ऑस्ट्रेलियासाठी, आणि एक जानेवारी २००५ मध्ये मेलबर्नला त्सुनामीग्रस्तांसाठी झालेल्या सामन्यात जागतिक संघाकडून. त्या सामन्याला आयसीसीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं, अधिकृत दर्जा दिला होता, म्हणून फलकावर ३०. उलट बाजूनं गॅरी सोबर्स बघा. १९७० मध्ये इंग्लंडविरुद्ध शेष जगाच्या संघाकडून लॉर्ड्सवर १८३ आणि १९७२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध मेलबर्नला २५४, पण या सामन्यांना कसोटीचा दर्जा नाही. त्यामुळं त्याची कसोटी शतकं २६ च. केरी पॅकरच्या खासगी मालिकेतली शतकंही याच कारणानं बाहेर. जुनं मासिक आणि आजची वेबसाइट यांचा मेळ बसत नसला की आधी अशा सामन्यांकडं बघायचं.

प्रथम श्रेणीच्या भानगडीत तर पडूच नका. जॅक हॉब्सची शतकं १९७ की १९९, यावर अजून एकमत नाही. १९३०-३१ मध्ये विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघाकडून त्यानं केलेली दोन शतकं धरायची की नाही, एवढ्यावर ते अडलंय. आंतरराष्ट्रीय फलकाला हे दुखणं नाही, म्हणून त्याला तेवढंच ठेवा.

वहीचे रकाने

प्रत्येक खेळाडूला चार पानं सोडा, सचिनला सहा. रकाने नऊ: तारीख, प्रकार, प्रतिस्पर्धी, मैदान, धावा, नाबाद की बाद, निकाल, त्या प्रकारातलं कितवं, एकूण कितवं. शेवटचे दोन रकाने कंटाळवाणे वाटतात, पण चूक तिथंच सापडते. उदाहरणार्थ सचिनची ओळ: १६ मार्च २०१२, एकदिवसीय, बांगलादेश, मीरपूर, ११४, बाद, पराभव, ४९ वं, १०० वं. विराटची: १५ नोव्हेंबर २०२३, एकदिवसीय, न्यूझीलंड, वानखेडे, ११७, बाद, विजय, ५० वं, ८० वं. त्या दिवशी विराटची कसोटीत २९ आणि टी-ट्वेंटीत १ शतकं होती. २९ अधिक ५० अधिक १ म्हणजे ८०. बेरीज जुळली नाही तर मागची एखादी ओळ सुटली किंवा दोनदा लिहिली गेली, असं समजा.

तारखेबद्दल एकच नियम ठरवा. कसोटी पाच दिवस चालते, आणि बऱ्याच याद्यांत शतक झाल्याचा दिवस नसून सामना सुरू झाल्याचा दिवस असतो. सचिनचं पहिलं शतक, मँचेस्टरचं नाबाद ११९, एका यादीत ९ ऑगस्ट १९९० ला दिसेल आणि दुसरीत १४ ऑगस्टला. सामना ९ तारखेला सुरू झाला, शतक १४ ला झालं. वहीत सामना सुरू झाल्याची तारीख लिहा, म्हणजे कोणत्याही धावफलकाशी ताडून बघता येतं. दोन्ही प्रकारच्या तारखा मिसळल्या की एकच शतक दोनदा चढतं.

पहिले दहा

खालचे आकडे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचे. क्रम असा: कसोटी, एकदिवसीय, टी-ट्वेंटी, एकूण.

१. सचिन तेंडुलकर: ५१, ४९, ०, १००
२. विराट कोहली: ३०, ५३, १, ८४
३. रिकी पाँटिंग: ४१, ३०, ०, ७१
४. कुमार संगकारा: ३८, २५, ०, ६३
५. जॅक कॅलिस: ४५, १७, ०, ६२
६. जो रूट: ४०, १९, ०, ५९
७. हशिम आमला: २८, २७, ०, ५५
८. महेला जयवर्धने: ३४, १९, १, ५४
९. ब्रायन लारा: ३४, १९, ०, ५३
१०. रोहित शर्मा: १२, ३३, ५, ५०

आता किराणा दुकानदार खतावणीला करतो तसा ताळा करा. उभी बेरीज: कसोटी ३५३, एकदिवसीय २९१, टी-ट्वेंटी ७. तिन्हींची बेरीज ६५१. शेवटच्या रकान्याची बेरीजही ६५१ यायला हवी. पेंटरला कागद द्यायच्या आधी हे करा, आणि पेंटरनं लिहून झाल्यावर फलकावरून पुन्हा करा. कागदावर बरोबर असलेला ४१ फलकावर १४ होतो, तो या दुसऱ्या बेरजेत पकडला जातो.

तिन्ही रकाने वेगळे दाखवाच. नुसता एकूण आकडा लिहिला तर कॅलिसची ४५ कसोटी शतकं दिसत नाहीत, आणि रोहितचा पसारा एकदिवसीयचा आहे हेही कळत नाही. शिवाय डॉन ब्रॅडमन या यादीत का नाही, असं कुणीतरी विचारणारच. ५२ कसोटींत २९ शतकं, आणि तेव्हा एकदिवसीय क्रिकेट नव्हतंच. पहिलं एकदिवसीय शतक डेनिस अॅमिसनं १९७२ मध्ये केलं, टी-ट्वेंटीतलं पहिलं गेलनं २००७ मध्ये. गावसकरची कसोटीतली ३४ आणि एकदिवसीयमधलं एकच, १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला. रकाने बघितले की अर्धे वाद मिटतात.

खाली महिलांसाठी दोन ओळी ठेवा. मेग लॅनिंग: ०, १५, २, एकूण १७. स्मृती मानधना: २, १४, १, एकूण १७. आकडा सारखा तर क्रमांकही सारखाच लिहा, दोघींपुढं १. सांगलीची पोर म्हणून स्मृतीला वर सरकवायचा मोह होईल. तो आवरायला वहीचं पहिलं पान आहे.

पत्रा आणि पट्ट्या

प्लायवूड नको. कोल्हापूरच्या पावसात तो दुसऱ्या वर्षी कडेनं फुगतो आणि थर सुटतात. ३ मिलिमीटरची एसीपी शीट (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर) घ्या, ती ८ बाय ४ फुटांची मिळते. तिचा ६ बाय ४ फुटांचा तुकडा म्हणजे फलक. उरलेला २ बाय ४ फूट टाकू नका, त्यातून ८ पट्ट्या निघतात.

या आठ पट्ट्याच फलकाचा जीव आहेत. सचिन पहिला आणि विराट दुसरा, ही नावं थेट फलकावर लावली तरी लवकर हलत नाहीत, विराटचे फक्त आकडे बदलत राहतील. पण तीन ते दहा हे क्रमांक सरकतात. रूट कॅलिसच्या पुढं गेला की खोडाखोड करायची वेळ येऊ नये, म्हणून क्रमांक फलकावर कायमचा आणि नाव व आकडे सुट्या पट्टीवर. दोन पट्ट्या काढल्या, जागा बदलून लावल्या, पाच मिनिटांचं काम.

पट्टी ४१ इंच लांब, पावणेतीन इंच रुंद. तीन इंचाची कापू नका. करवतीच्या पात्यात दर कापाला थोडा माल जातो आणि आठवी पट्टी अरुंद निघते. पट्टीवर नावाला २० इंच, तिन्ही प्रकारांना ५-५ इंच, एकूणाला ६ इंच. फलकावर क्रमांकाला ४ इंच, दोन्ही कडांना दीड-दीड इंच, म्हणजे ४८ पुरे झाले. उभ्या मापात शीर्षकाला ८ इंच, रकान्यांच्या नावांना ३, दहा ओळींना ४ इंचांप्रमाणं ४०, महिलांच्या भागाला ९, खालच्या नियमपट्टीला ६, उरलेले ६ वर-खाली मोकळे.

भोकं पाडताना आधी लाकडी पट्टीचा एक फर्मा करा: दोन्ही टोकांपासून एक इंच आत, मध्यावर, ४ मिलिमीटर. आठही पट्ट्या आणि फलकावरच्या आठही जागा त्याच फर्म्यानं पाडा. प्रत्येक पट्टी वेगळी मोजून पाडली तर तिसऱ्या जागेची पट्टी पाचव्या जागी बसत नाही, आणि मग सगळा खटाटोप वाया. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज एका पावसाळ्यात पांढऱ्या फलकावर ओघळतो.

अक्षरं दीड इंच उंच. यापेक्षा मोठी घेतली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार शेजारच्या ओळीत घुसतात. दहा-बारा फुटांवरून एवढी सहज वाचता येतात.

रंग की रेडियम

शीर्षक हातानं रंगवून घ्या. बाबूराव पेंटरांच्या गावात एवढा मान हाताच्या अक्षराला द्यायलाच हवा. एसीपीचा गुळगुळीत पृष्ठभाग मात्र ऑइलपेंट धरत नाही. तेवढी जागा आधी ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं हलकी घासा, फडक्यावर थिनर घेऊन पुसा, मग रंग. हे टाळलं तर वर्षभरात रंगाचे पापुद्रे नखानं निघतात.

नावं आणि आकडे मात्र रेडियमच्या स्टिकरचे, कारण ते बदलायचे आहेत. दुकानदाराला मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला की तो आपल्या जुन्या फाँटमध्ये बदलतो आणि तिथं घोटाळा होतो: ‘जयवर्धने’तला रफार पुढच्या अक्षरावर जातो, ‘स्मृती’तला ऋकार गळतो, ‘पाँटिंग’चा चंद्रबिंदू हरवतो. कटिंगच्या आधी साध्या कागदावर प्रिंट मागा आणि ती बोट ठेवून वाचा. ० ते ९ अंकांचे प्रत्येकी चार जादा नग त्याच वेळी कापून घ्या. नंतर घेतलेल्या रेडियमचा रंग जुन्याशी जुळत नाही, कारण जुना उन्हानं उतरलेला असतो. जुना अंक काढताना केस वाळवायच्या ड्रायरनं अर्धा मिनिट गरम करा, मग कोपऱ्यातून सावकाश ओढा. थंड ओढला तर गोंद खाली राहतो.

रेडियम पावसाळ्यात चिकटवू नका. ओलसर हवेत कडा धरत नाहीत. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

कुठं लावायचा

पश्चिमेकडच्या उघड्या भिंतीवर नको, पाऊस तिकडूनच झोडपतो. मैदानाकडं तोंड असलेली भिंतही नको, कारण फुटबॉलच्या एका फटक्यानं एसीपीला कायमचा पोचा पडतो. मागं एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, भिंतीपासून इंचभर सुटी, म्हणजे ओल फलकाला लागत नाही. वरच्या कडेवर सिलिकॉन भरा. पंचगंगेकडच्या सखल पेठांत २०१९ आणि २०२१ चं पाणी जिथवर आलं ती खूण शोधा आणि खालची कड तिच्या वर धरा. ते जमण्यासारखं नसेल तर फ्रेम बोल्टवर बसवा, म्हणजे जुलैत उतरवून माडीवर ठेवता येते.

फलक चालू ठेवणं

शतक झालं त्याच रात्री फलक बदलू नका. दुसऱ्या दिवशी धावफलक बघा, वहीत ओळ लिहा, शेवटचे दोन रकाने जुळवा, मग अंक बदला. काम एकाच माणसाकडं असावं. दोघांनी एकच शतक दोनदा चढवणं हा फार जुना रोग आहे. टी-ट्वेंटीत जरा थांबा: १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या सगळ्या सदस्य देशांच्या पुरुष संघांमधले सामने आंतरराष्ट्रीय धरले जातात, त्यामुळं ‘नेपाळविरुद्धचं शतक मोजायचं का’ असले प्रश्न येतात. यशस्वी जयस्वालचं २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतलं नेपाळविरुद्धचं शतक मोजतात.

नियमपट्टीवर तीन गोष्टी: कोणते सामने धरले, आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि भाऊसाहेब निंबाळकर. तिसरी यादीच्या नियमात बसत नाही, पण कोल्हापुरात ती नसेल तर फलक लावूच देणार नाहीत. म्हणून दहांच्या ओळीत न घुसवता खाली वेगळ्या रंगात: ‘भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूर, नाबाद ४४३, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुणे, डिसेंबर १९४८, रणजी करंडक.’ ब्रॅडमनच्या तेव्हाच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडला, हे लिहायला जागा पुरत नाही. ते विचारणाऱ्याला तोंडी सांगायचं. आणि ‘रणजी करंडक’ हे शब्द गाळायचे नाहीत. ते गाळले की भाऊसाहेब कसोटी खेळले होते असं पोरं धरून चालतात, आणि ते एकही कसोटी खेळले नव्हते.