भटकंतीचा ब्लॉग बंद करताय? या चुका टाळा

शनिवारी रात्री ठाण्याहून शेवटची कसारा लोकल पकडायची, रविवारी गड करायचा आणि पुढचा आठवडा रात्री जागून त्याचा वृत्तांत ब्लॉगवर चढवायचा, असा शिरस्ता असलेली एक अख्खी पिढी ठाणे-नवी मुंबईत होऊन गेली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुरू झालेले त्यांचे ब्लॉग आता एकेक करून थांबताहेत. गुडघे कुरकुरतात, मुलांची दहावी-बारावी येते, वाचक रील्सकडे वळलेत आणि काहींना लिहायचाच कंटाळा आलाय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. छंद होता, नोकरी नव्हे.

ओळखीतल्या काही जणांच्या या आवराआवरीत मीही हात घातला आहे. प्रत्येकाचं कारण वेगळं, चुका मात्र जवळपास त्याच.

सगळा जोर निरोपाच्या पोस्टवर

बहुतेकांना वाटतं की ब्लॉग बंद करणं म्हणजे एक हृद्य निरोपाची पोस्ट लिहिणं. ती जरूर लिहा, चार जुने मित्र वाचतील, कमेंटमध्ये डोळे पुसतील. पण तुमचे खरे वाचक ती पोस्ट बघणारच नाहीत. ते गुगलवर ‘माहुली किल्ला कसे जायचे’ असं शोधतात आणि थेट तुमच्या २०११ च्या लेखावर उतरतात. मुखपृष्ठावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. तुमच्या दृष्टीने ब्लॉग बंद झालेला असतो, त्यांच्या दृष्टीने तो आजचा सल्ला असतो.

म्हणून निरोपाच्या आधी एक साधं काम करा: प्रत्येक पानाच्या डोक्यावर दिसेल अशी सूचना लावा. शेकडो लेख एकेक करून उघडायची गरज नाही. ब्लॉगर या गुगलच्या फुकट ब्लॉगसेवेत ‘लेआउट’मध्ये जाऊन लेखांच्या वरच्या भागात मजकुराचं एक गॅजेट (चौकट) टाकलं की ते सगळीकडे दिसतं. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेत थीमच्या (ब्लॉगच्या सजावटीच्या साच्याच्या) हेडरमधून, म्हणजे वरच्या पट्टीतून, हेच होतं. मजकूर कोरडा ठेवा: ‘हा ब्लॉग अमुक महिन्यापासून थांबला आहे. वाटा, भाडी, वेळा, फोन नंबर बदललेले असू शकतात. निघण्यापूर्वी स्थानिकांकडून खात्री करून घ्या.’ बस्स. इथे कविता नको. आणि लेखांच्या तारखा लपवणारी थीम असेल तर तारखा आधी दिसत्या करा.

जुन्या लेखांना हात न लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

भाडी शिळी झाली तर फारसं बिघडत नाही. मुंबई महानगरात रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये २३ वरून २६ रुपये झालं, त्याच सुमारास एसटीचीही भाडेवाढ झाली. तुमच्या लेखातले ‘आसनगावहून माणशी वीस रुपये’ वाचून कोणी फसणार नाही, फार तर हसेल. मार्ग शिळे झाले तर वेळ जातो. उरणला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच किंवा बेलापूरकडून बस, हे कितीतरी लेखांत अजून आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, आणि त्याच महिन्यात अटल सेतूही सुरू झाला. हेही चालण्यासारखं आहे, नकाशा ॲप योग्य ते सांगतंच.

पण काही ओळी अशा असतात की त्या राहू देता येत नाहीत. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचं उदाहरण घ्या. तिथे बुडून आणि वाहून जाऊन अनेक जीव गेलेत, पावसाळ्यात प्रवेशबंदी असते. तरीही ‘मागच्या बाजूने वाट आहे, कोणी अडवत नाही’ छापाची वाक्यं जुन्या वृत्तांतांमध्ये बिनधास्त सापडतात. लिहिणाऱ्याला तेव्हा ती बहादुरी वाटली असेल. आता तो घरी बसलाय आणि त्याचं वाक्य दर जुलैत कॉलेजच्या पोरांना रस्ता दाखवतंय. असं वाक्य मी तरी सरळ काढून टाकेन. ‘तो त्या काळचा दस्तऐवज आहे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. दस्तऐवज तुमच्या कपाटातही राहू शकतो.

इर्शाळगडाबद्दल तर बोलायलाच हवं. पनवेल-चौक भागातल्या ट्रेकर्ससाठी तो हक्काचा गड, आणि वर जाताना इर्शाळवाडीत थांबणं ठरलेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ती ठाकरवाडी गाडली गेली. जुन्या लेखांमध्ये मात्र वाडी अजून तशीच आहे: अंगणात चहा मिळतो, अमक्याच्या पडवीत मुक्काम होतो, पोरं गडावर वाट दाखवायला येतात. असा लेख तुमच्याकडे असेल तर पुसू नका. पण मुक्कामाच्या, जेवणाच्या सोयीच्या ओळी काढून सुरुवातीलाच काय घडलं ते दोन वाक्यांत लिहा. बाकीचा मजकूर आता त्या वाडीची आठवण म्हणून वाचला जाईल, आणि ते बरोबरच आहे.

यालाच लागून फोन नंबर. ‘पायथ्याच्या गावात जेवणासाठी यांना फोन करा’ असं म्हणत आपण कित्येक मामा-मावश्यांचे नंबर जगजाहीर केले. तेव्हा त्यांना गिऱ्हाईक मिळालं, चांगलंच झालं. आज काही नंबर दुसऱ्याच कोणाकडे गेलेत आणि त्या बिचाऱ्याला रविवारी पहाटे पाच वाजता ‘मावशी, पिठलं-भाकरी होईल का?’ असे फोन येतात. काही घरांत तो माणूसच राहिलेला नाही. प्रत्येक नंबर एकदा लावून बघा. लागला तर विचारा, ठेवू का म्हणून. नाही लागला तर काढा. लेखांच्या यादीतून नंबर शोधायचे तर ब्लॉगच्या शोधपट्टीत ‘फोन’, ‘मोबाइल’, ‘संपर्क’ असे शब्द टाकून बघा. एका दुपारचं काम आहे.

हे करताना कमेंट वाचायला विसरू नका. ‘खालची शिडी तुटली आहे’, ‘आता डावीकडच्या वाटेने जावे लागते’ अशा दुरुस्त्या वाचकांनी वर्षानुवर्षं तिथे टाकलेल्या असतात, आणि त्या लेखात कधीच चढलेल्या नसतात. त्या उचलून लेखाच्या सुरुवातीला घ्या. मग नव्या कमेंट बंद करा, नाहीतर वर्षभरात तिथे कर्जाच्या आणि ज्योतिषांच्या जाहिराती साचतील.

बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला नाही

ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून बॅकअप घेतला की एक फाइल उतरते. लोक ती पेनड्राइव्हवर टाकून निश्चिंत होतात. त्या फाइलमध्ये लेख आणि कमेंट असतात, फोटोंचे मात्र फक्त पत्ते असतात. ब्लॉग उडवला आणि मूळ फोटो गेले की हातात राहतात मोकळ्या चौकटी. फोटो हवे असतील तर गुगल टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) ब्लॉगरचा संच मागवा आणि त्यातलं अल्बमचं फोल्डर उघडून पाहा. वर्डप्रेस डॉट कॉमवर मीडिया लायब्ररी वेगळी उतरवावी लागते.

वर्डप्रेसचा आणखी एक खोडा लक्षात ठेवा. एका साइटवरची फाइल दुसऱ्या साइटवर आयात करताना नवी साइट फोटो जुन्या साइटवरून ओढून घेते. म्हणजे जुनी साइट त्या क्षणी जिवंत हवी. आधी बंद, मग स्थलांतर असा उलटा क्रम केलात तर मजकूर येईल, फोटो येणार नाहीत.

अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसतंय? मग तुमचे सुरुवातीचे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी दिसणाऱ्या लिपीपद्धतीत, नाहीत. शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचाच असतो, फॉन्ट असेल तरच तो मराठी दिसतो. फॉन्ट गेला की वाचणाऱ्याला अगम्य अक्षरांची रांग दिसते. असे लेख आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि डोळ्यांनी वाचून तपासा. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात.

बॅकअप नीट आला की नाही हे ठरवायची माझी रीत सोपी आहे. वायफाय बंद करून कुठलेही तीन लेख उघडायचे, एक जुना, एक मधला, एक अलीकडचा. फोटोंसकट वाचता आले तर काम झालं. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरणारी घरं ठाण्यात कमी नाहीत.

रागाच्या भरात ‘डिलीट’

कोणीतरी लेख चोरून आपल्या नावावर छापले, किंवा कमेंटमध्ये वाद झाला, आणि रात्री अकराला माणूस पूर्ण ब्लॉग उडवतो. ब्लॉगरवर उडवलेला ब्लॉग ९० दिवसांपर्यंत परत आणता येतो, त्यामुळे अजून मुदतीत असाल तर घाई करून सावरा. आत्ता नकोसाच झाला असेल तर उडवण्याऐवजी तो खाजगी करा. दिसणार कोणाला नाही, जाणारही कुठे नाही. लेख चालू ठेवायचे असतील तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर महत्त्वाच्या पानांची प्रत जतन करायची सोय फुकट आहे. पत्ता टाकायचा, ‘सेव्ह’ करायचं. सगळा ब्लॉग नको, ज्या लेखांत इतरत्र न मिळणारं काही आहे तेवढे पुरे.

डोमेन आपोआप मरू देणं

स्वतःच्या नावाचं डोमेन (विकतचा वेब-पत्ता) घेतलं होतं, आता दरवर्षी पैसे कशाला, म्हणून नूतनीकरण सोडून देतात. डॉट कॉम नावाची मुदत संपली की काही आठवड्यांची सवलत मिळते, त्यानंतर ३० दिवसांची जादा पैसे मोजून सोडवून घेण्याची मुदत, मग पाच दिवसांत नाव बाजारात. जुन्या, लोकांनी दुवे दिलेल्या नावांवर टपून बसलेले असतात. तुमच्या ‘सह्याद्री’ नावाच्या साइटवर उद्या रमीची जाहिरात झळकू शकते, आणि तिकडे जाणारे दुवे अजून पन्नास मित्रांच्या ब्लॉगवर असतात.

ब्लॉगरवाल्यांसाठी यात एक छुपा सापळा आहे. ब्लॉगला स्वतःचं डोमेन जोडलेलं असेल तर जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ताही त्या डोमेनकडेच पाठवतो. डोमेन सोडण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन ते काढा, म्हणजे मूळ फुकटचा पत्ता पुन्हा चालू होईल. हे आधी करा, वर्षभर आधी जमलं तर उत्तम, म्हणजे वाचकांना आणि गुगलला नवा पत्ता कळेल. कार्डावर लावलेली आपोआप वजावट मात्र अगदी शेवटी काढा.

जाहिरातींचं खातं असेल तर तेही तपासा. ॲडसेन्स या गुगलच्या जाहिरातसेवेवर १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, पण खातं रीतसर बंद केलं तर १० डॉलरच्या वरची शिल्लक मिळते. चहा-वड्याचा खर्च निघेल.

खातं विसरून जाणं

ब्लॉग ठेवला, पण ज्या जीमेलवरून तो काढला होता ते वर्षानुवर्षं उघडलंच नाही, ही अलीकडची अडचण. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. खातं गेलं की त्यातलं सगळंच धोक्यात. त्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून तुमचाच आहे ना, ते आजच बघा. आणि ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये (खातं ठरावीक काळ न वापरलं तर कोणाला कळवायचं ते ठरवायची गुगलची सोय) घरातल्या एखाद्याचं नाव घाला. तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत मुदत निवडता येते. आपल्या पश्चात हे कोण बघणार, हा विषय बायको किंवा मुलांसमोर काढायला अवघड जातो, पण पासवर्डची वही कुठे आहे एवढं सांगायला काय हरकत आहे?

फोटो हार्ड डिस्कवर कुजवणं

तुम्ही काढलेले गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचे, शिलालेखांचे, ढासळण्याआधीच्या बुरुजांचे फोटो आज कोणीही नव्याने काढू शकणार नाही. ते विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहावर चढवा. मात्र तिथे दिलेला फोटो वापरण्याचा परवाना मागे घेता येत नाही, आणि फोटो तुम्ही स्वतः काढलेला हवा. ट्रेकच्या ग्रुपमधल्या दोस्ताचा फोटो असेल तर आधी त्याला विचारा. वाड्यांमधल्या लहान मुलांचे चेहरे तिथे टाकू नका, ब्लॉगवरूनही काढले तर चांगलं.

जीपीएसचे ट्रॅक (चाललेल्या वाटेची नोंद) वाटणार असाल तर सुरुवात तपासा. ट्रॅक बहुधा आपल्या सोसायटीच्या गेटपासूनच सुरू झालेला असतो. तेवढा तुकडा कापा.

आणि सामान

लेन्सला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. बॅटरी काढून, साधारण अर्धी भरलेली. स्लीपिंग बॅग कोंबून न ठेवता सैल ठेवा.

ट्रेकिंगचे बूट कोणा भाच्याला द्यायचे असतील तर लवकर द्या. वर्षानुवर्षं खोक्यात पडलेल्या बुटांचा तळ दमट हवेत आतून भुगा होतो, वरून मात्र ते नवेकोरे दिसतात. देण्याआधी ते घालून इमारतीचे चार मजले दोनदा चढा-उतरा, तळ वाकवून बघा. सोल सुटायचाच असेल तर तो गोरखगडाच्या कातळात न सुटता तुमच्या जिन्यात सुटू दे.