खाणीच्या गेटवर आणि रानाच्या वाटेवर: नव्या सुरक्षारक्षकासाठी

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांतली सुरक्षारक्षकाची ड्युटी मॉलच्या दारावरच्या ड्युटीसारखी नसते. इथे लोहखनिजाचे ढीग, बंद खाणीचे खड्डे, नदीकाठची रेती, नाहीतर रानाला लागून असलेली खासगी जमीन राखायची असते. त्या जमिनीच्या आजूबाजूला गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर यांचे वाडे (म्हणजे वस्त्या) असतात. यांतल्या पहिल्या तीन समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. नव्याने रुजू होणाऱ्याने आपला अधिकार कुठे संपतो हे सगळ्यात आधी पक्कं करावं.

खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ सालचा आहे. एजन्सीकडे राज्याच्या नियंत्रक प्राधिकरणाचा परवाना हवा. तो बघायला मागा, संकोच करू नका. वय १८ ते ६५. केंद्राच्या नमुना नियमांत पुरुषांसाठी १६० सेंमी आणि स्त्रियांसाठी १५० सेंमी उंची, सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणं, १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना यात सवलत मिळते. दोन दिवस कवायत करून घेऊन प्रमाणपत्र हातात ठेवणाऱ्या एजन्सीत जाऊ नका. प्रशिक्षण कागदावरच उरकलेला माणूस पहिल्या वादात काय करायचं ते न कळून हात उगारतो, आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. फोटो असलेलं ओळखपत्र कायम अंगावर ठेवा. पोलीस किंवा लष्करासारखा गणवेश एजन्सीने दिला तर घालू नका: त्यासाठी घालणारा आणि मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुम्ही पोलीस नाही. सामान्य नागरिकाला असतो तेवढाच अटकेचा अधिकार तुम्हाला आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर माणसाला थांबवता येतं आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. एखादी बाई डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन चालली असेल तर तो असा गुन्हा नव्हे. तिची मोळी उतरवून घेणं, कोयता काढून घेणं, दमदाटी करणं यातलं काहीच तुमच्या कामात बसत नाही. जमीन वनखात्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गौण वनोपजावर (इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या गोष्टींवर) तिचा हक्क असू शकतो, आणि दावा तपासून निकाली निघेपर्यंत वनवासीला त्याच्या कब्जातल्या जमिनीवरून हटवता येत नाही. हे सुपरवायझरलाही ठाऊक नसतं असं बऱ्याचदा दिसतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात गेटपेक्षा पायवाटांवर जास्त वेळ घालवा. पंचायतीतल्या किंवा वाड्यावरच्या जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि वहीत हाताने नकाशा काढा: झरीकडे जाणारी वाट, गुरांची वाट, देवराईची हद्द, स्मशान, शिगम्यात मेळ (नाचत-गात फिरणारा जथा) कुठून जातो ते. त्याच नकाशावर महिने लिहा. फेब्रुवारी ते मे काजू, एप्रिल-मे भिरंडां (कोकमाची फळं), पाऊस पडला की अळमी (रानातली अळंबी). एरवी सुनसान असलेल्या वाटेवर जूनमध्ये पहाटे पाच वाजता टॉर्चचे उजेड दिसले तर ते बहुधा अळमी शोधणारे असतात. हे माहीत नसलेला रक्षक शिटी वाजवतो, माणसं पळतात, कोणीतरी खड्ड्यात पडतं. देवराईत चपला घालून जाऊ नका, तिथे लघवीला जाऊ नका, सावलीला म्हणून डबा उघडून बसू नका. वाट कुंपणाने बंद झालेली आढळली तर ती तारखेसह लिहून वर कळवा. भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

खाणीवर खरं काम रजिस्टरचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ लीजचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून उत्खनन थांबलं. पण साठे, डंप (खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीचे ढिगारे) आणि पाण्याने भरलेले खड्डे जागेवरच राहिले. ट्रक बाहेर जाताना ट्रिपशीटवरचा (ट्रकच्या खेपेच्या कागदावरचा) नंबर, प्रत्यक्ष नंबरप्लेट, काट्यावरचं वजन, वेळ आणि ताडपत्री या पाच गोष्टी तुमच्या डोळ्यांनी बघून लिहा, ड्रायव्हर सांगेल तसं नव्हे. रजिस्टरमध्ये रिकामी जागा सोडू नका, खाडाखोड करू नका. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा. चोरी उघडकीला येते ती काट्याची वेळ आणि गेटची वेळ जुळत नाही तेव्हा.

पावसाळ्यात याहून महत्त्वाचं काम असतं. डंपच्या माथ्यावर भेग, पायथ्याच्या भिंतीतून झिरपणारं पाणी, गाळ बसवायच्या तळ्याची काठोकाठ भरलेली पातळी, नाल्याचं अचानक लाल झालेलं पाणी: दर फेरीला या चार गोष्टी बघायच्या आणि वेळेसह नोंदवायच्या. यातलं एक जरी दिसलं तरी खाण व्यवस्थापकाला लगेच फोन करा. खाली कोणाचं तरी भाताचं शेत असतं. खनिजाचा गाळ शेतात उतरला की ते शेत नुसतं नांगरून पूर्ववत होत नाही.

गावकऱ्यांनी ट्रक अडवले तर गेट बंद करा, ट्रक मागे घ्यायला लावा, पोलिसांना कळवा आणि गप्प उभे राहा. बायकांना हात लावू नका. ‘कोण कोण आलंय त्यांचे फोटो काढ’ असं सांगितलं गेलं तर लेखी आदेश मागा.

रानाकडेच्या ड्युटीत डिसेंबर ते मे माकडतापाची भीती असते. सत्तरीत २०१५ पासून तो आढळला आहे. तो गोचिडींतून पसरतो. पाय झाकणारी पँट मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल लावा, ड्युटी संपल्यावर काखा आणि गुडघ्यांमागे तपासा. मेलेलं माकड दिसलं तर स्पर्श न करता आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर रानात होतो हे डॉक्टरांना सांगा.

वाघाने किंवा बिबट्याने गावातलं जनावर मारलं असेल तर ते हलवू देऊ नका. फोटो काढा आणि वनखात्याला त्याच दिवशी बोलवा, म्हणजे पंचनामा होऊन धन्याला भरपाईचा अर्ज करता येतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले, ते गुरं मारल्यानंतर झालेल्या विषप्रयोगातून. वेळेवर झालेला पंचनामा आणि हातात पडलेली भरपाई यांनी असा राग थोडा तरी निवतो.

पगाराचं रुजू होतानाच बोलून घ्या: किती तासांची पाळी, जादा तासांचा दर, पगारपत्रक. पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कापले जात असतील तर पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आणि ईएसआय क्रमांक पहिल्याच महिन्यात मागा आणि पैसे खरोखर भरले जातात का ते मोबाइलवर स्वतः तपासा.