जुनी फिशिंग कयाक घेताय? भाव ठरवताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात नागपुरात मानेवाड्यातल्या एका गच्चीवर मी एक कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, पाहायला गेलो होतो. दहा फुटी, निळी, पाण्याच्या टाकीला टेकवून उभी केलेली. मालक भला माणूस. म्हणाला, "सांगून राहिलो ना भाऊ, दोनदाच पाण्यात उतरवली. एकदा खिंडसीले, एकदा वडगावच्या धरणावर." ते खरंच असावं, कारण वल्ह्याच्या मुठी कोऱ्या होत्या. पण कयाकच्या बाजूवरून हात फिरवला तर तळव्याला फिकट निळी भुकटी लागली. पाण्यात दोनदा गेलेली ती कयाक उन्हात मात्र तीन वर्षं उभी होती.

"किती वापरली?" एवढंच विचारणं

नागपुरात जुन्या कयाकचा भाव ठरवताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. गळ टाकायला वापरतात त्या बहुतेक कडक कयाक पॉलिइथिलीनच्या असतात. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी ज्या पद्धतीनं साच्यात फिरवून घडवतात, त्याच पद्धतीनं या बनतात. जुन्या टाकीवर वीट पडली की ती कशी तडकते ते आपण पाहिलेलं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ठेवली कुठे होती? पार्किंगमध्ये सावलीत, की गच्चीवर?

उत्तरावर विसंबायची गरज नाही. सीट काढा, डिकीचं (सामान ठेवायच्या कप्प्याचं) झाकण उघडा आणि झाकणाखालचा रंग बाहेरच्या रंगाशी ताडून पाहा. दोन्ही सारखे दिसले तर कयाक सावलीत राहिलेली आहे. बाहेरचा रंग उडालेला असेल, भुकटी हाताला लागत असेल आणि काठावर केसासारख्या बारीक रेघा दिसत असतील, तर नव्याच्या एक तृतीयांशाहून जास्त किंमत मी देत नाही. रेघा खोल असतील तर घेतच नाही.

वरची बाजू पाहून भाव लावणं

जाहिरातीतले फोटो नेहमी वरून काढलेले असतात. रॉड होल्डर (गळाची काठी अडकवायची जागा), सीट, रंगीत दोऱ्या सगळं छान दिसतं, पण पैसे तळात असतात. कयाक दोन स्टुलांवर उलटी ठेवायला सांगा. मालक कां-कूं करत असेल तर तिथेच थांबा.

आधी मागचं टोक पाहा. गाडीपासून पाण्यापर्यंत कयाक ओढत नेली की मागच्या टोकाचं प्लास्टिक मुरमावर घासून पातळ होतं. वरवरचे ओरखडे सगळ्याच कयाकना असतात, त्यासाठी भाव पाडणं मला बरोबर वाटत नाही. ज्यात नख अडकतं आणि ज्याच्या कडा उभ्या राहिल्यात, तो चर मात्र मोजायचा. संध्याकाळी अंधारात आत टॉर्च लावून ठेवा. फिकट रंगाच्या कयाकमध्ये पातळ झालेली जागा बाकीच्यापेक्षा जास्त उजळते.

मग स्कपर होल. बैठकीत आलेलं पाणी खाली उतरून जावं म्हणून कयाकला आरपार भोकं असतात. चाकांच्या गाडीचे दांडे याच भोकांत घालून भरलेली कयाक ओढली की सगळा भार तिथल्या कडेवर येतो आणि तडा जातो. हा तडा सहज दिसत नाही, म्हणून प्रत्येक भोकात बोट घालून गोल फिरवा. शंका आली तर डिकीतून आत दोन बादल्या पाणी ओता, कयाक पुढेमागे कलती करा आणि खालून कुठे झरतं का ते दहा मिनिटं बसून पाहा. गच्चीवर ही परीक्षा सहज होते, तलावावर जायची गरज नाही.

भेग एम-सीलनं बुजवलेली दिसली, तर ती दुरुस्ती धरू नका. पॉलिइथिलीनला एम-सील किंवा इपॉक्सी नीट पकडत नाही, थोड्या दिवसांत पोपडा निघतो. त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं. स्कपरच्या तोंडाशी केलेलं वेल्डिंग मी तरी भरवशाचं मानत नाही, कारण भार पुन्हा तिथेच येतो.

पोचा पाहून घाबरणं

याउलट पोच्याला लोक उगाच घाबरतात. गाडीच्या कॅरिअरवर पट्टा करकचून आवळला, की मेच्या उन्हात तळ आत दबतो. बहुतेक वेळा कयाक तासभर उन्हात ठेवून आतून हातानं ढकललं की पोचा भरून येतो. मालकासमोरच करून पाहा. निघाला तर भाव तोच. सीटखालचा मोठा पोचा निघालाच नाही, तर कयाक सरळ चालणार नाही, मग पैसे कमी करा.

जुन्या बिलावरून हिशेब करणं

"मी इतक्यात घेतली होती" हा मालकाचा हिशेब झाला. आपला हिशेब आजचा: तीच किंवा तशीच नवी कयाक आज जीएसटी आणि वाहतुकीसह नागपुरात घरी किती रुपयांत पडेल? समजा 70,000. सावलीत ठेवलेली, तळ धड असलेली दोन-तीन वर्षांची कयाक मी त्याच्या 55 ते 65 टक्क्यांत धरतो, म्हणजे 38,500 ते 45,500. त्यातून लागणारी दुरुस्ती वजा करायची. टक्केवारी माझी आहे, पण नव्याच्या आजच्या भावापासून सुरुवात करा, जाहिरातीतल्या आकड्यापासून नको.

मुंबई-गोव्याकडची कयाक स्वस्त दिसते. समृद्धी महामार्गानं नागपूर ते मुंबईजवळचं आमणे 701 किलोमीटर आहे आणि दहा फुटांची वस्तू साध्या कुरिअरनं येत नाही. टेम्पोचं भाडं किमतीत धरलं की स्वस्ताई बहुतेक संपते. शिवाय ती समुद्रात चाललेली असते. रिवेट, बोल्ट, सुकाणूची तार गंजली आहे का ते जवळून काढलेल्या फोटोत मागून घ्या. न पाहिलेल्या कयाकसाठी टोकन पाठवू नका.

पेडलची कयाक असेल तर पेडल हातानं फिरवा. दांडा हलत असेल, खरखर येत असेल, तर त्या यंत्राचे सुटे भाग कुठून आणायचे हे आधी ठरवा आणि मगच भाव बोला. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या कयाकवर मागच्या उजव्या बाजूला 12 अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात, त्यामुळे "दोनच वर्षं झाली" हे तिथेच पडताळता येतं.

हवा भरून फुगवायच्या कयाकमध्ये रात्रीच्या गारव्याला गळती समजणं

संध्याकाळी 40 अंशांत 2 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं माप) हवा भरली आणि सकाळी तापमान 28 वर आलं, तर एकही भोक नसताना दाब दीडच्या आसपास दिसतो. हवा थंड झाली की दाब उतरतोच. म्हणून सकाळी सहाला भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मोजा. भरलेली कयाक मधल्या दुपारी उन्हात मात्र ठेवू नका, दाब वाढून शिवण सुटते. शिवणींवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती खरी. गोंदानं जोडलेल्या शिवणी आपल्या उन्हाळ्यात सुटतात, तेव्हा जुन्या कयाकच्या कडा नखानं उचलून पाहाच.

सामानाचे नव्याइतके पैसे देणं

फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), बॅटरी, अँकर, लाइफ जॅकेट असं सगळं जोडून भाव फुगवलेला असतो. आधी नुसत्या कयाकचा भाव ठरवा. मग जी वस्तू तुम्ही तशीही विकत घेतली असती, तिचे निम्मे पैसे धरा. जुनी लेड-ॲसिड बॅटरी शून्य. लाइफ जॅकेटचा फोम दाबून पाहा. तो परत फुगला नाही तर ते फुकटही वापरू नका, नवं घ्या. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

मानेवाड्याची ती कयाक मी घेतली नाही. मालकाला झाकणाखालचा गडद निळा आणि बाहेरचा उडालेला रंग दाखवला, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग वल्हं आणि सीट मी निम्म्या भावात घेतली. ती अजून वापरतो आहे.