एक्स-रेचं गणित: या चुका टाळा, आणि झालेली चूक खोडू नका

गणित चुकलं की मुलं दोनपैकी एक करतात. एक तर खोडतात, नाहीतर मागच्या पानावरचं उत्तर बघून ‘आपलंही असंच यायचं होतं’ म्हणत पुढे जातात. दोन्ही नको. तुमचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर घ्या आणि मोठ्याला लहानाने भागा. जो भागाकार येतो तो बहुतेक वेळा चूक कुठल्या पायरीला झाली ते सांगून टाकतो. ही युक्ती रेडिओग्राफीच्या गणितात फार चांगली चालते, कारण इथल्या चुका ठरलेल्या आहेत. दरवर्षी मुलं नवी येतात, चुका त्याच.

अंतराचं गणित

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. नमुना घ्या: ट्यूब १०० सेंमी अंतरावर असताना ५ एमएएस (ट्यूबमधला प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे एमए, गुणिले सेकंद) पुरतो, तर डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपणाऱ्या फलकावर, तेवढाच एक्स्पोजर मिळायला १८० सेंमीवर किती लागेल? १८० भागिले १००, म्हणजे १.८. त्याचा वर्ग ३.२४. पाच गुणिले ३.२४, उत्तर १६.२.

आता चुकलेली उत्तरं बघा. कुणाचं ९ येतं. १६.२ भागिले ९, भागाकार १.८. वर्ग करायचा राहिला. कुणाचं १८ येतं. भागाकार १.११. याने १.८ चा वर्ग करायच्या ऐवजी दुप्पट केली, ३.६ धरले. घाईत हे भल्याभल्यांचं होतं. आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर १.५४ येतं. भागाकार साडेदहा, म्हणजे ३.२४ चा वर्ग. हा आकडा दिसला की समजा, अपूर्णांक उलटा मांडलाय.

उलटा का मांडला जातो? दोन सूत्रं शेजारीशेजारी पाठ केलेली असतात म्हणून. एका सूत्रात मशीनची सेटिंग तीच ठेवून ट्यूब लांब नेली तर किरणांची तीव्रता किती उरते ते विचारलेलं असतं. तिथे व्यस्तवर्गाचा नियम, जुनं अंतर वर, नवं खाली. दुसऱ्यात डिटेक्टरवर तेवढाच एक्स्पोजर हवा असतो आणि त्यासाठी एमएएस किती लावायचा ते विचारलेलं असतं. तिथे नवं अंतर वर. आकडे तेच, जागा उलट. ‘सर, फॉर्म्युला तर बरोबर लिहिलाय,’ हे वाक्य इथेच ऐकू येतं, आणि खरंच बरोबर लिहिलेला असतो, फक्त तो दुसऱ्या प्रश्नाचा असतो.

यावर पाठांतर हा उपाय नाही. वॉर्डात उभं राहून विचार करा. पोर्टेबल मशीन दोन खाटांच्या मध्ये जेमतेम शिरलंय, सलाइनचा स्टँड आडवा येतोय, ट्यूब १०० सेंमीवर आणता येत नाही, १२५ वरच राहते. एरवी २ एमएएस लावता. आता जास्त लावाल की कमी? लांब गेलो म्हणजे जास्तच. १.२५ चा वर्ग १.५६, म्हणजे साधारण ३.१. उलट मांडणी करणाऱ्याचं उत्तर १.२८ येतं, आणि त्या सेटिंगवर काढलेला एक्स-रे दाणेदार दिसतो. फिल्मच्या काळात तो पांढरा फटक पडून चूक लगेच चव्हाट्यावर आली असती. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड सावरून घेतं.

ट्यूब जवळ आली, समजा ८० सेंमीवर, आणि एमएएस बदललाच नाही, तर डिटेक्टरवर १.५६ पट किरण पडतात. रुग्णाला डोस विनाकारण जास्त बसतो आणि प्रतिमा मात्र छान दिसते. परीक्षेत एक मार्क जाईल, इथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यामुळे एक सवय लावून घ्या: कॅल्क्युलेटर हातात घ्यायच्या आधी वहीच्या कडेला बाण काढायचा, उत्तर वर जाणार की खाली. बाण आणि उत्तर जुळलं नाही तर पुढची ओळ लिहायची नाही.

भागाकार हजार, दहा, शंभर

हजार आला तर मिलिसेकंद सेकंदात केले नाहीत. २०० एमए आणि ५० मिलिसेकंद म्हणजे १० एमएएस, दहा हजार नव्हे. दहा हजार एमएएस लिहून पुढच्या प्रश्नाकडे जाणाऱ्या मुलांना काय म्हणावं कळत नाही.

दहा आला तर कॅल्क्युलेटर बघा. ३.७ गुणिले १० लिहून मग घातांकाची कळ दाबलीत तर दहा दोनदा धरले जातात, कारण त्या कळीत ‘गुणिले दहा’ आधीच आहे. दहाचं आणखी एक कारण: तरंगलांबी काढताना १२.४ भागिले केईव्ही (फोटॉनची ऊर्जा, किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये) केलं तर उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं, १.२४ घेतलं तर नॅनोमीटरमध्ये.

नऊ शून्यं दिसली तर मेगा आणि मिलीची गल्लत झाली. ३७ आला तर मिलिक्युरी आणि मेगाबेकरेल या किरणोत्साराच्या एककांची. शंभरची कथा जुन्या पुस्तकांची आहे. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जी अमेरिकी पुस्तकं स्वस्तात मिळतात त्यात बऱ्याचदा रॅड आणि रेम ही डोसची जुनी एककं असतात. १०० रॅड म्हणजे १ ग्रे, १०० रेम म्हणजे १ सीव्हर्ट.

त्याच पुस्तकांमुळे १.२ हा भागाकारही येतो. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. सिंगल फेज, फुल वेव्ह रेक्टिफिकेशनमध्ये, म्हणजे विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरले जातात तिथे, त्यांना सेकंदाला १२० पल्स मिळतात, आपल्याला १००. म्हणजे ०.१ सेकंदात त्यांचे १२, आपले १०. आजच्या हाय फ्रिक्वेन्सी मशीनवर याचा संबंध उरलेला नाही, पण प्रश्न येतो.

डोसच्या मर्यादेतही तोच घोळ होतो. अमेरिकी पुस्तक कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला ५० मिलिसीव्हर्ट लिहितं. आपल्याला लागू होतात ते एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम. हे नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्याच अणुशक्तिनगरला आहे. त्यांची मर्यादा आहे सलग पाच वर्षांची सरासरी २० आणि कुठल्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसीव्हर्ट. तेव्हा एका वर्षात २८ आणि उरलेल्या चार वर्षांत दरवर्षी १८ झाले तर मर्यादा मोडली का? बेरीज १००, सरासरी २०. नाही मोडली. वीस बघून घाईत ‘मोडली’ लिहू नका.

जिथे भागाकार दगा देतो

काही चुका इतक्या लहान असतात की भागाकार एकच्या आसपास येतो आणि मुलं ‘राउंडिंगमुळे असेल’ म्हणून सोडून देतात.

टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थाची हाफ लाइफ, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, ६ तास. सकाळी ८ ला २० मिलिक्युरी, तर ११ वाजता किती? सहा तासांत दहा कमी होतात म्हणून तीन तासांत पाच, असा हिशेब केला तर १५ येतात. खरं उत्तर १४.१, कारण अर्ध्या हाफ लाइफला ०.७०७ ने गुणायचं. फरक किरकोळ वाटतो. पण त्याच पद्धतीने रात्री ८ चं उत्तर शून्य येतं, आणि तेव्हा प्रत्यक्षात ५ मिलिक्युरी शिल्लक असतात. हाफ व्हॅल्यू लेयरचंही, म्हणजे किरण निम्मे करणाऱ्या थराच्या जाडीचंही, असंच: तीन थरांनंतर १२.५ टक्के उरतात, सगळं संपत नाही. इथे १.४४ हा भागाकार आला तर ०.६९३ भागिले म्यू (पदार्थ किरण किती कमी करतो तो गुणांक) करायच्या जागी एक भागिले म्यू केलंय.

१५ टक्क्यांचा नियमही असाच फसवतो. केव्हीपी, म्हणजे ट्यूबला दिलेला कमाल किलोव्होल्ट दाब, १५ टक्के वाढवलं तर डिटेक्टरवरचा एक्स्पोजर साधारण दुप्पट होतो, म्हणून एमएएस निम्मा करता येतो. १५ टक्के, १५ केव्ही नव्हे. ६० वर ते ९ होतात, १२० वर १८. शिवाय ८० चे ९२ केल्यावर परत १५ टक्के कमी केले तर ७८.२ येतात, ८० नाही.

राहिलं केव्हीपी आणि केईव्ही. ८० केव्हीपी लावलं म्हणजे सगळे फोटॉन ८० केईव्हीचे निघत नाहीत. ८० ही कमाल झाली, सरासरी त्याच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान असते. हे नीट कळलेली मुलं मग किमान तरंगलांबीच्या गणितातही ८० चे ४० करून बसतात. तिथे कमाल ऊर्जाच घ्यायची: १२.४ भागिले ८०, म्हणजे ०.१५५ अँगस्ट्रॉम. भागाकार बरोबर दोन आला तर हेच झालंय.