मारी आंत्वानेतचा चरित्रलेख लिहायचा असेल तर

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याविषयी दिवाळी अंकासाठी किंवा अभ्यासमंडळातील व्याख्यानासाठी लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा गिलोटिनपासून सुरुवात करतो आणि तिथून मागे, व्हिएन्नातल्या लहान मुलीकडे पाहू लागतो. असे केले की तिच्या बालपणातली प्रत्येक गोष्ट अपशकुनासारखी दिसू लागते. तिचा जन्म २ नोव्हेंबर १७५५ रोजी झाला आणि आदल्याच दिवशी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला होता, या योगायोगावर अर्धे पान खर्ची घातलेले लेख माझ्या वाचनात आले आहेत. वस्तुतः ती बातमी व्हिएन्नाला पोहोचायलाच काही आठवडे लागले. लेख सरळ काळाच्या क्रमाने लिहावा. त्याआधी वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत आणि डावीकडे तिने काय केले, उजवीकडे तिच्याविषयी काय बोलले गेले, हे वेगवेगळे नोंदवावे. या राणीच्या बाबतीत उजवा रकाना नेहमीच लवकर भरतो, म्हणून डाव्यापासून सुरुवात करावी.

नावांचा प्रश्न आधी सोडवून टाकावा. जन्मनावाने ती मारिया अँतोनिया. फ्रान्सला गेल्यावर ती मारी आंत्वानेत झाली. व्हिएन्नाच्या भागात पहिले नाव आणि पुढे दुसरे वापरले, तर तिचा देश बदलला हे वाचकाला न सांगताही कळते. मराठीत आणखी एक पेच असतो तो ‘ती’ की ‘त्या’ याचा. लहानपणी ‘ती’, राणीपदी ‘त्या’ आणि कैदेत पुन्हा ‘ती’ असे केले तर लेखक दरबाऱ्यासारखा वागल्याचे दिसते. तेव्हा ‘ती’ घ्यावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे.

संगोपनाच्या भागाला घाई करू नये, कारण पुढच्या पतनाची बरीचशी उत्तरे तिथे आहेत. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा आणि तिचा नवरा पहिला फ्रान्सिस यांच्या सोळा अपत्यांपैकी ती पंधरावी, आणि इतक्या मागच्या मुलीला थोरल्या राजघराण्यासाठी तयार करावे असे प्रारंभी कोणाच्याही मनात नव्हते. मात्र १७५६ मध्ये ऑस्ट्रिया आणि फ्रान्स या जुन्या वैऱ्यांनी तह केला आणि तो पक्का करायला सोयरीक हवी होती. १७६७ मध्ये देवीच्या साथीत एक थोरली बहीण गेली आणि दुसरीचा चेहरा विद्रूप झाला. आणखी एक बहीण १७६८ मध्ये नेपल्सला दिली गेली, आणि फ्रान्ससाठी उरली ती ही धाकटी. निवड गुणांवरून झाली नव्हती, हे लेखात स्पष्ट यायला हवे. तिला संगीत शिकवायला ग्लुकसारखा संगीतकार होता, ती नाचत सुरेख असे, पण १७६८ मध्ये फ्रान्सहून आलेल्या आबे द वेरमाँ या शिक्षकाला आढळले की मुलगी हुशार आहे, मनाने चांगली आहे, आणि एका जागी बसून अभ्यास करण्याची सवय मात्र तिला कोणी लावलेली नाही. युरोपातल्या सर्वांत कार्यक्षम राज्यकर्त्या स्त्रीच्या घरात हे घडले, याचे मला अजूनही नवल वाटते. आई राज्य चालवत होती आणि मुली दाईंच्या हाती होत्या.

७ मे १७७० रोजी स्ट्रासबर्गजवळ ऱ्हाईन नदीतल्या बेटावर, मुद्दाम उभारलेल्या इमारतीत, चौदा वर्षांच्या या मुलीला फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यात आले. तिथे तिचे ऑस्ट्रियन कपडे अंतर्वस्त्रांसह उतरवले गेले, ही कथा फार लोकप्रिय असली तरी ती सांगणाऱ्या, पुढे राणीच्या सेवेत असलेल्या मादाम कांपाँ त्या वेळी तिथे नव्हत्या, म्हणून ती उजव्या रकान्यात टाकावी. त्याऐवजी जर्मन कवी गटेची आठवण घ्यावी. तो तेव्हा स्ट्रासबर्गला विद्यार्थी होता, इमारत पाहायला गेला आणि भिंतींवर जेसन आणि मीडिया यांच्या ग्रीक पुराणकथेचे पडदे टांगलेले पाहून संतापला. नवऱ्या मुलीच्या स्वागताला इतक्या भीषण लग्नाची कथा कोणी निवडावी, असे त्याला वाटले.

सगळा लेख एका दोऱ्यात ओवायचा असेल तर तिच्या सह्या घ्याव्यात. १६ मे १७७० रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सचा युवराज, म्हणजे पुढचा राजा सोळावा लुई, याच्याशी तिचे लग्न झाले. त्या विवाहनोंदीत तिची सही आहे आणि त्या सहीला शाईचा मोठा डाग पडलेला आहे. वेरमाँने सांगितलेले सगळे त्या डागात दिसते, आणि वाचकाला पानभर वर्णनापेक्षा तो लक्षात राहतो.

पुढच्या दहा वर्षांसाठी पत्रे हाच मुख्य आधार आहे. आई-मुलीचा पत्रव्यवहार वाचताना शेजारी मर्सी या ऑस्ट्रियाच्या वकिलाचे अहवाल ठेवावेत. त्याने राणीच्या महालात माणसे पेरली होती आणि तो मारिया थेरेसाला गुप्तपणे सगळे कळवत असे. आईला हे इतक्या लवकर कसे समजते, याचा मुलीला पत्ता नसे. आईच्या पत्रांत दोन गोष्टी एका दमात येतात: फ्रेंच हो, आणि आपण जर्मन आहोत हे विसरू नकोस. या दोन सूचना एकदम पाळता येणाऱ्या नव्हत्या, आणि माझ्या मते पतनाचे मूळ उधळपट्टीपेक्षा इथे शोधावे. एक सावधगिरी मात्र हवी: एकोणिसाव्या शतकात तिच्या नावाची बनावट पत्रे मोठ्या संख्येने छापली गेली, तेव्हा फारच गोड, फारच भविष्यसूचक वाक्य सापडले तर ते कोणत्या संग्रहातून आले आहे हे तपासल्याखेरीज उतरवू नये.

उधळपट्टीचा विषय आला की आकडा द्यावा. कपडे, जुगार, प्ती त्रियानों या व्हर्सायच्या बागेतल्या तिच्या छोट्या महालावरचा खर्च हे सगळे खरे आहे. पण १७८८ च्या राज्याच्या हिशेबात दरबाराचा वाटा सुमारे सहा टक्के होता आणि जवळपास निम्मा खर्च कर्जापायी जात होता. ते कर्ज मोठ्या प्रमाणात युद्धांचे होते, विशेषतः इंग्रजांविरुद्ध अमेरिकेला केलेल्या मदतीचे. (इंग्रजांविरुद्ध मित्र शोधण्याच्या याच दिवसांत, १७७७ मध्ये, सें लुबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास येऊन नाना फडणीसांना भेटला, तो स्वतःला सोळाव्या लुईचा वकील म्हणवत होता. मराठी वाचकाला काळ जुळवून द्यायला ही नोंद उपयोगी पडते.)

‘भाकरी नसेल तर केक खा’ हे वाक्य मी माझ्या पहिल्या लेखात मोठ्या डौलाने मथळ्यात वापरले होते आणि एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून माझी चूक दाखवून दिली. रूसोने आपल्या आत्मचरित्रात हे वाक्य ‘एका थोर राजकन्ये’च्या तोंडी घातले आहे, केकही नव्हे तर ब्रियोश, म्हणजे अंडी-लोणी घातलेला पाव, आणि तो भाग लिहिला गेला तेव्हा आपली नायिका फ्रान्सला पोहोचलेलीही नव्हती. आपल्याकडच्या ‘ध चा मा’चेच हे भावंड आहे. असे वाक्य वगळू नये. ते कोणी, केव्हा, कोणाला चिकटवले हे सांगावे.

हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणाला भरपूर जागा द्यावी, कारण दोन्ही रकाने तिथे एकमेकांत मिसळतात. बोमेर आणि बासाँज या जवाहिऱ्यांकडे सुमारे सोळा लाख लिव्ह्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) किमतीचा हार विक्रीवाचून पडून होता, आणि राणीने तो घ्यायला नकार दिला होता. जान द ला मोत या बाईने कार्डिनल रोआँला पटवले की राणीला तो हार गुपचूप हवा आहे. रोआँ पूर्वी व्हिएन्नाला फ्रान्सचा वकील होता आणि मारिया थेरेसाला तो मुळीच आवडत नसे. लेकीनेही तो राग जपला होता, आणि तिची मर्जी मिळवण्यासाठी हा माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार होता. १७८४ च्या उन्हाळ्यात व्हर्सायच्या बागेत रात्री त्याला राणी म्हणून भेटली ती राणीसारखी दिसणारी एक पॅरिसची बाई. नंतर कागदावर आली दुसरी, बनावट सही: ‘मारी आंत्वानेत द फ्रान्स’. फ्रान्सच्या राण्या केवळ स्वतःच्या नावाने सही करत, आडनावासारखे काही जोडत नसत; दरबारात वाढलेल्या कार्डिनलला हे दिसू नये, याने राजा चकित झाला. ३१ मे १७८६ रोजी न्यायालयाने रोआँला निर्दोष सोडले. त्याचा अर्थ पॅरिसने असा लावला की राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल असे मानण्यात त्याचे काही चुकले नव्हते. ती या प्रकरणात पूर्णपणे निरपराध होती, आणि तिची उरलीसुरली पत गेली ती इथेच.

१७८९ नंतरच्या घटना सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्या भरभर सांगाव्यात: ऑक्टोबरात जमाव व्हर्सायला आला आणि राजकुटुंबाला पॅरिसला घेऊन गेला, जून १७९१ मध्ये पलायन व्हारेनला फसले, १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसचा राजवाडा पडला. थांबायचे ते एका पत्रापाशी. मार्च १७९२ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, तिने फ्रेंच सैन्याच्या चढाईची योजना मर्सीला कळवली. लोक तिला वर्षानुवर्षे ‘ओत्रिशिएन’ म्हणत आले होते. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ऑस्ट्रियन बाई, आणि त्याच शब्दाच्या शेपटात ‘कुत्री’ असाही शब्द ऐकू येतो. शेकडो खोट्या आरोपांमध्ये हा एक आरोप खरा निघाला. तिच्याविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्यांनी हे पत्र गाळू नये, आणि ते व्हिएन्नातल्या शिकवणुकीपासून तोडूनही दाखवू नये. फर्सन या स्वीडिश सरदाराशी झालेल्या तिच्या पत्रव्यवहारातील खोडलेल्या ओळींपैकी काही क्ष-किरणांच्या साहाय्याने वाचल्या गेल्या आणि ते संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जिव्हाळ्याचे शब्द आहेत. तेवढे सांगावे आणि पुढे जावे.

खटल्यात, १४ ते १६ ऑक्टोबर १७९३ या दिवसांत, न्यायाधीशांपाशी ते मार्चचे पत्र नव्हते. त्याऐवजी एबेर या क्रांतिकारक पत्रकाराने तिच्यावर स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाशी कुकर्म केल्याचा आरोप केला. ती आधी गप्प राहिली. उत्तरासाठी पुन्हा टोकल्यावर तिने सभागृहातल्या सगळ्या आयांना हाक घातली. हा प्रसंग विशेषणांशिवाय लिहावा.

शिक्षा ऐकून कोठडीत परतल्यावर, पहाटे साडेचारला, तिने नणंद एलिझाबेथला पत्र लिहिले. ते पोहोचवले गेले नाही. १८१६ मध्ये एका जुन्या क्रांतिकारकाच्या कागदांत सापडले. त्या पत्रावर तिची सही नाही. खाली सह्या आहेत त्या ज्यांच्या हातून कागद गेला त्यांच्या, आणि त्यांत सरकारी वकील फुकिए-तँव्हिल याची एक आहे.